फाटकापर्यंतचा नळ

“पण काहून न्यायचा नळ फाटकापर्यंत?”

महाराजांनी विचारलं, आणि वामन खटावकर हसला. उत्तर इतकं सोपं होतं की विचारणाऱ्याचीच त्याला थोडी दया आली.

“सोय होईल, महाराज.”

“कोणाची?”

“वाडीतल्या बायकांची. रोज इतक्या पायऱ्या चढून आपल्या स्वयंपाकघरामागच्या नळावर येतात. भरल्या हंड्यानं उतरतात. हिवाळ्यात त्या पायऱ्यांवर बर्फ साचतं म्हणे. नळ खाली फाटकापाशी आला की चढउतारच संपली.”

“सोय बायकांची...” महाराज म्हणाले. “बरं. ने.”

हिमालयातल्या कंडाखाल नावाच्या वाडीच्या माथ्यावर महाराजांची कुटी होती. दगडी भिंती, वर पाटीच्या दगडांचं छप्पर, मागे देवदारांची रांग. महाराज मूळचे वऱ्हाडातले. तिथून निघून त्यांना किती वर्षं झाली हे त्यांनाही आठवत नसे, पण ‘काहून’ काही सुटलं नव्हतं. वाडीतले लोक त्यांना दखनी बाबा म्हणत. वाडीची बोली पहाडी. इथे ती आपल्या भाषेत सांगतो.

वामन साताऱ्याकडचा. कारखान्यांना पाण्याच्या लाइनी टाकून देणं हा त्याचा धंदा. धंदा पोराच्या हाती सोपवून तो वसंतात इथे आला होता. कशाला आलास, असं महाराजांनी पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, “मीपणा सोडायला.”

आणि सोडलाही होता. ‘मी’ हा शब्द त्याने तोंडातून हद्दपार केला होता. चहा हवा का असं विचारलं, तर तो म्हणे, “या देहाला चालेल.” झोप लागली का? “या देहाला लागली.”

महाराज यावर कधी काही म्हणाले नाहीत. एकदाच चहा ओतताना त्यांनी विचारलं होतं, “साखर देहाला घालू, की कपात?”

वामनने ते मनावर घेतलं नव्हतं.

आश्विनातलं ऊन छान तापत होतं. वाडीतली माणसं पहाटे पाणी भरून दिवसभर लांबच्या शेतांवर कापणीला जात, त्यामुळे काम करताना वामनला कोणी पाहिलं नाही. त्याने खालच्या बाजारातून लोखंडी पाइप आणवले, वळणांसाठी एल्बो आणले, पितळेची नवी तोटी आणली. सुतळी आणि सफेद्याचा लेप लावून एकेक जोड पान्याने असा आवळला, की पाइप तुटेल पण जोड सुटणार नाही. पाइप जमिनीत वीतभर खोल गाडला. फाटकाशेजारी तो वर काढून दगडी चौथऱ्यात उभा केला, आणि त्याला तोटी बसवली.

महाराज संध्याकाळी काठी टेकत खाली आले. तोटी सोडून पाहिली. बंद करून पाहिली.

“आतला नळ रात्री आपण थोडा सुटा ठेवतो,” ते म्हणाले. “वाहतं राहिलं की गोठत नाही. हा?”

“हा कशाला सुटा ठेवायचा, महाराज? इथे पाणी सांडलं की वाटेवरच बर्फ होईल.” वामनने तोटीखाली तळहात धरला आणि मग कोरडा हात महाराजांना दाखवला. “टिपूस नाही. या देहानं मोठमोठ्या कारखान्यांना पाणी पोचवलंय. इथलं फाटक ते केवढं!”

महाराजांनी त्याच्या कोरड्या हाताकडे पाहिलं. मग वर, देवदारांच्या मागच्या शिखराकडे पाहिलं.

“बरं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी फाटकापाशी जमली. बायकांनी नळाला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. रूपदेई नावाच्या म्हातारीने पहिली घागर भरली. ती वाडीतली सर्वांत वडील बाई होती आणि पायऱ्यांना तिच्याइतक्या शिव्या कोणी दिल्या नव्हत्या. घागर डोक्यावर घेऊन ती पाच पावलं चालली, थांबली, आणि मागे वळून पायऱ्यांकडे बघत म्हणाली, “बसा आता वाट बघत.”

सगळे हसले.

वाडीचा प्रधान, म्हणजे सरपंच, जोधसिंग पुढे आला. त्याच्या हातात घरी विणलेली जाड लोकरीची शाल होती. त्याने ती महाराजांच्या खांद्यावर घातली.

“बाबाजी, हे तुम्ही केलंत. तुमचे उपकार.”

वामन दोन पावलं मागे उभा होता. आता महाराज म्हणतील, अरे, माझं काय, हे सगळं या वामनचं... मग आपण हात जोडायचे आणि म्हणायचं, छे छे, या देहाचं कसलं कर्तृत्व! शब्द तयार होते. मान किती झुकवायची तेही ठरलं होतं.

महाराजांनी शाल अंगाभोवती नीट ओढून घेतली.

“हो,” ते म्हणाले. “चांगला झाला ना?”

“फार चांगला, बाबाजी.”

“खणताना एक मोठा दगड निघाला,” महाराज म्हणाले. “काही केल्या हलेना. हाताला फोड आले. पण शेवटी काढलाच.”

बायका हळहळल्या. या वयात बाबाजींनी केवढे कष्ट घेतले!

वामनने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. फोड त्याच्या हातांना होते. दगड त्यानेच काढला होता.

संध्याकाळ झाली. स्वयंपाकघरात चुलीपाशी महाराज नव्या शालीत बसले होते. समोर वाडीतून आलेलं लोणी होतं, भाकऱ्या होत्या, अक्रोड होते. महाराज अक्रोड फोडून खात होते.

“महाराज...”

“बोल.”

“सकाळी तुम्ही जे सांगितलंत... ते खरं नव्हतं.”

“कोणतं?”

“नळ... तो नळ या देहानं केला होता.”

“मग?” महाराजांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “मीही तेच सांगितलं. या देहानं केला.”

“पण तो देह नव्हे! हा!”

“हा काय, तो काय...” महाराजांनी एक अक्रोड त्याच्यापुढे धरला. “देहच ना? घे.”

वामनने अक्रोड घेतला नाही. तो उठून बाहेर गेला. बाहेर गारठा पडू लागला होता. तो फाटकापर्यंत उतरला. चौथऱ्यावर हात ठेवून उभा राहिला. झेंडूच्या माळेला त्याने हात लावला आणि मग कोणी पाहिलं तर, म्हणून लगेच काढून घेतला.

त्या रात्री त्याने ठरवलं की काही बोलायचं नाही. मनाला लावून घ्यायचं नाही. आणि मग तो पहाटेपर्यंत जागा राहिला.

पुढे रोज कोणी ना कोणी महाराजांना हात जोडून जाई. बाबाजी, नळ झकास चाललाय. महाराज म्हणत, “चालणारच.” वामन शेजारी लाकडं फोडत असे. लाकडं जरा जास्तच बारीक निघत.

मार्गशीर्षात थंडी आली. साताऱ्याकडे ज्याला थंडी म्हणतात तिच्याशी हिचं काही नातं नव्हतं. एका पहाटे देवदारांची फांदी न् फांदी पांढरी झाली. अंगणातलं बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलं, आणि बादली उलटी केली तर पाण्याचीच एक बादली बाहेर पडली.

त्या दिवशी फाटकातला नळ आला नाही. बायका पुन्हा पायऱ्या चढल्या. वामन खाली जाऊन तोटी सोडून बघून आला. तोटी फिरतच नव्हती. ऊन आलं की येईल पाणी, असं त्याने बायकांना सांगितलं.

ऊन आलं, आणि पाणीही आलं. पण तोटीतून नाही.

चौथऱ्यातला उभा पाइप उसाचं कांडं फाटावं तसा उभा फाटला होता. जमिनीतल्या दोन एल्बोंना तडे गेले होते. दुपारभर पाणी मातीतून वर उसळत राहिलं आणि वाडीच्या वाटेवरून वाहत गेलं. वामन तेव्हा सरपणासाठी रानात होता. तो परतून कुटीतला पाणी बंद करायचा कॉक फिरवेपर्यंत ऊन कललं होतं. वाटेवरचं पाणी बघता बघता काचेसारखं झालं.

रूपदेई गाईला चारा घेऊन त्याच वाटेने घरी निघाली होती. ती पडली. तिचं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोधसिंग कुटीत आला. मागे वाडीतले आणखी चारसहा जण. कोणी बसलं नाही.

वामन स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होता. दार अर्धवट लोटलेलं होतं. त्याला सगळं ऐकू येत होतं.

“बाबाजी, नळ कोणी केला होता?” जोधसिंगने विचारलं.

“मी,” महाराज म्हणाले.

“या मुलखात वीतभर खोल पाइप कोण टाकतं? तुम्ही इतकी वर्षं इथे राहता. तुम्हाला एवढंही कळू नये?”

“चुकलं.”

“रूपदेईचा हात गेला. उजवा. पोरं तिची शहरात. गाईचं कोण करणार? शेणपाणी कोण करणार?”

महाराजांनी मान डोलावली.

“कुटीला येतं ते झऱ्याचं पाणी वाडीचं आहे,” मागून कोणी तरी म्हणालं. “दिवसभर वाया गेलं. बाबांनी जप करावा. पाइपांत कशाला हात घालायचा?”

“बरोबर आहे,” महाराज म्हणाले.

जोधसिंगला बोलताना जड जात होतं. तरी तो बोलला. “वाडीचं ठरलंय, बाबाजी. कुटीची जोडणी झऱ्यापाशी तोडायची, आमचं पाणी आम्ही झऱ्यावरूनच भरू. थंडी संपेपर्यंत तुम्ही खाली धर्मशाळेत राहा. मग बघू.”



मग महाराज उठले. त्यांनी खांद्यावरची शाल काढली. तिची नीट घडी केली, घडीवर बसलेला सरपणाचा कचरा बोटांनी झटकला, आणि शाल जोधसिंगपुढे धरली.

“हीही घेऊन जा,” ते म्हणाले. “रूपदेईला घाला.”

दाराआड वामन उभा होता. आधण उकळून उतू जात होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. एकालाही नाही. तो नुसता उभा राहिला असता, तरी चाललं असतं.

आणि त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला बरं वाटतंय.

छातीत काही तरी सुटल्यासारखं, हलकं. नळ महाराजांचा होता. आधीपासूनच त्यांचा होता. शाल त्यांनी घेतली होती, लोणी त्यांनी खाल्लं होतं...

महाराजांच्या अंगात आता फक्त जुनी सुती कफनी होती. शाल धरलेला हात तसाच पुढे होता. जोधसिंग ती घ्यायला हात पुढे करत नव्हता, आणि महाराज मागे घेत नव्हते.

वामनने दार ढकललं.

“नळ मी केला,” तो म्हणाला.

‘मी’ हा शब्द इतका मोठ्याने बाहेर पडला, की तो स्वतःच दचकला.

सगळे वळले. जोधसिंगने महाराजांकडे पाहिलं. “बाबाजी?”

“मला काय विचारतोस?” महाराज म्हणाले. “त्याला विचार.”

“मी केला,” वामन म्हणाला. आता आवाज खाली आला होता. “खणला मी, जोडला मी. तुमच्या थंडीचा मला अंदाज नव्हता, आणि मी कोणाला विचारलंही नाही. महाराजांनी विचारलं होतं मला. मी त्यांना कोरडा हात दाखवला...”

“मग बाबाजी कशाला म्हणाले, मी केला?”

वामनने महाराजांकडे पाहिलं. महाराज चुलीकडे निघाले होते. उतू गेलेलं आधण त्यांनी फडक्याने धरून खाली उतरवलं.

“पाणी तोडू नका,” वामन म्हणाला. “मी दुरुस्त करतो. याच हिवाळ्यात. आणि पुन्हा फुटलं तर मी जातो इथून. महाराज नाही. मी.”

जोधसिंग एक पाऊल पुढे आला.

“आणि रूपदेई?”

“तिच्याकडे जातो आता.”

रूपदेई अंगणात उन्हाला बसली होती. हात फळीला बांधून गळ्यात अडकवलेला. वामन समोर उभा राहिला तेव्हा तिने डोळे बारीक केले.

“तू कोण? बाबाजींचा चेला ना?”

“मी वामन. नळ मी केला होता.”

“तू?” तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आणि मी बाबाजींना शिव्या दिल्या काल रात्रभर!”

“आता मला द्या.”

“देईन. घाई काय आहे?” ती म्हणाली. “आधी गोठ्यातलं शेण काढ.”

त्याने शेण काढलं. गाईला पाणी ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. म्हातारी उन्हात बसून हुकूम सोडी. मधूनच शिव्या देई. त्या शिव्यांत हळूहळू चहा येऊ लागला.

“नळ कधी केला होतास का याआधी?” तिने एकदा विचारलं.

“केला होतास का!” वामनचं फावडं थांबलं. “आजी, आमच्या मुलखात मी टाकलेल्या लाइनींवर अख्खे कारखाने चालतात. एक जोड अजून गळलेला नाही.”

“मग इथलाच काहून फुटला?” ‘काहून’ हा शब्द तिने महाराजांकडून उचलला होता.

“तिथे पाणी पाणीच राहतं. इथे ते दगड होतं. आणि दगड झालं की फुगतं.”

“हे आता सांगतोस?”

“आता कळलं.”

फुटलेली लाइन त्याने पुरती उकरली. जमीन दगडासारखी झाली होती. कुदळ मारली की ठिणगी उडे. मग तो चराच्या वर सरपण पेटवी, माती मऊ होईपर्यंत वाट बघी आणि तेवढी खणी. धुराने डोळे लाल झाले. हात फुटले. या वेळी त्याने ते कोणाला दाखवले नाहीत. तेवढा वेळच नव्हता.

उकरलेले पाइप त्याने अंगणात ओळीने मांडून ठेवले. त्यांच्यासमोर तो दगडावर बसून राही. फुटलेला कुठे फुटला? धड कुठे राहिला? एक तुकडा अगदी शाबूत निघाला होता. तो शेणखताच्या ढिगाखालून गेलेला. एक तुकडा उतारावरचा, तोही शाबूत. त्यातलं पाणी पुढच्या फुटक्या तोंडातून आधीच निघून गेलं असणार.

“काय दिसते?” महाराजांनी येता-जाता विचारलं. त्यांच्या खांद्यावर शाल होती. जोधसिंगने ती शेवटपर्यंत घेतली नव्हती.

“उबेत राहिलं ते वाचलं, महाराज. आणि जिथे पाणी थांबलं नाही, ते वाचलं.”

“हूं...”

“म्हणजे लाइन कमरेइतकी खोल हवी. गारठा तिथवर पोचत नाही. पण शेवटी ती वर काढावीच लागणार. वर आली की तिथलं पाणी गोठणार.”

“मग?”

“मग वर पाणी राहूच द्यायचं नाही.”

 महाराज जवळच्या दगडावर बसले आणि ऊन खात राहिले.

चर कमरेइतका खोल झाला, तसे वाडीतले लोक येऊन बघू लागले. आधी नुसते उभे राहत. मग एक दिवस जोधसिंगने अंगातलं जाकीट काढलं आणि दुसरी कुदळ उचलली. “तू फार सावकाश खणतोस,” तो म्हणाला. त्यानंतर चरात वामन कधी एकटा नव्हता.

खालच्या बाजारातल्या लोहाराकडून वामनने एक लांब सळई करून आणली. खालच्या टोकाला कॉकच्या मुठीवर बसेल अशी खाच, वरच्या टोकाला आडवा दांडा. पहिली सळई त्याने परत केली. खाच सैल होती. लोहार म्हणाला, एवढं चालतं. वामन म्हणाला, “माझ्या कामात चालत नाही,” आणि दुसरी होईपर्यंत भट्टीपाशी उभा राहिला.

फाटकापाशी त्याने विहिरीसारखा खड्डा केला. पाण्याचा कॉक अगदी तळाशी बसवला. कॉकच्या खाली आणि भोवती नदीतले गोटे भरले. सळई एका जाड पाइपातून वरपर्यंत आणली. वर उभ्या केलेल्या पाइपाला तोटी बसवलीच नाही. नुसतं वाकवलेलं उघडं तोंड ठेवलं. आणि खाली, कॉकच्या जरा वर, त्याच पाइपाला ड्रिलने एक बारीक भोक पाडलं.

जोधसिंग ओरडलाच. “चांगल्या पाइपाला भोक?”

“हो.”

“अरे, गळेल ते!”

“नळ चालू असेल तेव्हा थोडं गळेल. गोट्यांत जाईल. जाऊ दे. बंद केला की वरचं सगळं पाणी त्याच भोकातून खाली उतरेल. वर थेंब राहणार नाही. थेंब नाही, तर गोठणार काय?”

जोधसिंगने भोकाकडे पाहिलं, वामनकडे पाहिलं.

“हे कोणाकडून शिकलास?”

“फुटलेल्या पाइपाकडून.”

चर बुजवला. नळ लगेच सोडायचा नाही, असं वामनने सांगितलं. थंडीचा कहर होऊ दे, मग बघू.

पौषात तसा दिवस आला. नदीवर कडेने बर्फाचे पापुद्रे धरले. दोन दिवस सूर्य दिसला नाही. तिसऱ्या सकाळी धुकं विरलं, तेव्हा फाटकापाशी वाडी जमलेली होती. कोणी कुंकू आणलं नव्हतं, माळही नाही. झेंडू केव्हाच करपले होते. लोक घोंगड्यांत गुरफटून उभे होते.

वामनने सळईच्या दांड्याकडे हात नेला आणि मागे घेतला.

“आजी, तुम्ही फिरवा.”

रूपदेईचा उजवा हात अजून गळ्यात होता. तिने डाव्या हाताने दांडा धरला. “पुन्हा पडले तर बघ,” ती म्हणाली, आणि दांडा फिरवला.

काहीच झालं नाही.

वामन हलला नाही. जोधसिंगने मान खाली घातली...

जमिनीत खोल कुठे तरी हुंकार दिल्यासारखा आवाज झाला. पाइप थरथरला. उघड्या तोंडातून आधी हवेचा फुत्कार निघाला, आणि मग पाणी. मनगटाएवढी धार. त्या थंडीत पाण्यातून वाफ निघत होती.

पहिली घागर भरेपर्यंत सगळे नुसते बघत राहिले.

“आता बंद करा,” वामन म्हणाला.

म्हातारीने दांडा उलटा फिरवला. धार तुटली. वामन गुडघ्यांवर बसला आणि पाइपाला कान लावला. आत गुडगुड आवाज होत होता. पाणी घोट घोट खाली उतरत होतं. मग तोही आवाज थांबला. त्याने जोधसिंगला खूण केली. जोधसिंगनेही कान लावला.

“रिकामा,” जोधसिंग म्हणाला, आणि त्याच्या तोंडभर हसू पसरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. तिसऱ्या दिवशीही आला. खिंडीपलीकडच्या गावापर्यंत बातमी गेली. तिथले दोघे-तिघे मुद्दाम बघायला आले. नळाभोवती फिरले, वाकून पाहिलं, सळई हातात धरून पाहिली.

“तोटी कुठे आहे याची?” एकाने विचारलं.

“आमच्या नळाला तोटी लागत नाही,” रूपदेई घागर भरता भरता म्हणाली. इतक्या तोऱ्यात, जणू तिनेच पाइपाला भोक पाडलं होतं.

“कोणी केला?”

जोधसिंग तोंड उघडणार होता. पण त्याने वामनकडे पाहिलं आणि तो थांबला. वामन चौथऱ्याचे दगड सारखे करत होता. त्याने हात झटकले आणि उभा राहिला.

“मी,” तो म्हणाला. “वामन खटावकर. बिघडला तर मला हाक मारायची.”

“आमच्या गावात करशील?”

“करीन. पण कमरेइतकं खणावं लागेल. वीतभर कमी चालणार नाही मला.”

पाहुणे हसले. जोधसिंगने वामनच्या पाठीवर थाप मारली. ती जोरात बसली, पण वामनला ती हवी होती. पायऱ्या चढून वर येताना तो एकदा थांबला, वळला, आणि त्याने खालच्या नळाकडे पाहून घेतलं. जरा वर आल्यावर पुन्हा एकदा पाहिलं.

महाराज अंगणात चटईवर बसले होते. वामन त्यांच्यासमोर येऊन बसला. खालून हंड्यांचे, बायकांच्या बोलण्याचे आवाज येत होते.

“महाराज...”

“हूं.”

“एक विचारायचं होतं.”

“विचार ना.”

“मी इथे मीपणा सोडायला आलो होतो. घरदार, धंदा, सगळं ठेवून आलो.” वामनने छातीवर हात ठेवला. “आणि आज ही... ही अशी फुगलीय, महाराज. सकाळपासून. काही केल्या खाली बसत नाही. मला लाजही वाटत नाही तिची. काय करू हिचं?”

महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या छातीकडे पाहिलं, बारकाईने, जणू तिथे खरंच काही दिसत होतं.

“राहू दे बापा,” ते म्हणाले. “थंडी फार आहे. तेवढीच ऊब.”